तहसील, महसूल, हशील: ओळखीच्या शब्दांवरून अरबी शब्दघडण शिकण्याची रीत

सांगली जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत ‘महसूल’ आणि ‘तहसील’ हे दोन शब्द पाट्यांवर आणि शिक्क्यांवर जवळजवळच आढळतात. ‘त्यात काय हशील?’ या आपल्या रोजच्या प्रश्नातला ‘हशील’ हाही त्यांच्याच कुळातला आहे. हे तिन्ही शब्द मूळचे अरबी असून फारसीच्या वाटेने मराठीत आले, आणि तिन्हींत ह, स, ल ही व्यंजने त्याच क्रमाने उभी आहेत. ‘हासिल’ म्हणजे हाती आलेले, ‘महसूल’ म्हणजे मिळवले गेलेले आणि ‘तहसील’ म्हणजे मिळवण्याची, वसूल करण्याची क्रिया. व्यंजने तीच राहिली, त्यांच्या भोवतीचे स्वर आणि पुढे लागलेले अक्षर बदलले, आणि त्याबरोबर अर्थाची बाजू बदलली. अरबी शब्दघडणीचे मर्म एवढ्यात आले.

अरबी शिकवणारी बहुतेक पुस्तके क-त-ब (लिहिणे) या धातूचा तक्ता मांडून सुरुवात करतात. तो तक्ता उत्तम आहे, पण त्यातले सगळे शब्द नवशिक्याला नवे असतात. त्यामुळे तो शब्द पाठ करतो आणि त्यांची घडण बाजूला राहते. मराठी वाचकाजवळ याहून सोपी वाट आहे. सातबारा, कोर्ट, पेठ आणि तालीम यांतून शेकडो अरबी शब्द त्याच्या तोंडी आधीच बसलेले आहेत. ते नीट लावून घेतले, तर साचे आपोआप दिसू लागतात. जुनी मोडी कागदपत्रे वाचणाऱ्यांना, उर्दूच्या विद्यार्थ्यांना आणि आखाती देशांत नोकरीला जाण्यापूर्वी अरबीची तोंडओळख करून घेऊ पाहणाऱ्यांना ही रीत उपयोगी पडेल. आरंभी अरबी लिपी आली नाही तरी चालेल. पुढे मात्र ती शिकावीच लागते, आणि तिचे कारण ओघात येईल.

धातू आणि साचा

धातू ही कल्पना आपल्याला परकी नाही. ‘कृ’पासून कर्ता, कारक, कार्य आणि कृत हे शब्द होतात, हे शाळेतच शिकवले जाते. अरबीत फरक असा, की तेथील धातू निव्वळ व्यंजनांचा असतो. तो बहुधा तीन व्यंजनांचा असतो आणि स्वतंत्रपणे उच्चारताही येत नाही. संस्कृतात प्रत्यय मुख्यतः शेवटी लागतो आणि धातूच्या स्वराला गुण-वृद्धी होते. अरबीत स्वर मुळातच साच्याच्या मालकीचे असतात आणि ते धातूच्या व्यंजनांच्या मधोमध शिरतात. साच्यात कधी म, त, स, न यांसारखे एखादे जादा व्यंजनही असते. धातूकडून विषय कळतो, आणि करणारा, केलेले, जागा, धंदा, देवघेव यांपैकी काय अभिप्रेत आहे, हे साच्यावरून कळते.

साच्यांना नाव देण्याची अरब व्याकरणकारांची पद्धत सुटसुटीत आहे. ‘करणे’ या अर्थाचा फ-ऐन-ल हा धातू त्यांनी नमुना म्हणून घेतला. कोणत्याही शब्दातील पहिल्या मूळ व्यंजनाच्या जागी फ, दुसऱ्याच्या जागी ऐन आणि तिसऱ्याच्या जागी ल ठेवायचा, म्हणजे साच्याचे नाव तयार होते. ‘हाकिम’ या शब्दात ह, क, म ही मूळ व्यंजने आहेत. त्यांच्या जागी फ, ऐन, ल ठेवले की ‘फाइल’ हा साचा मिळतो. (कचेरीतल्या फाईलशी त्याचा काही संबंध नाही.) ऐन हे घशातून निघणारे व्यंजन मराठीत नसल्यामुळे देवनागरीत त्याच्या जागी नुसता स्वर दिसतो. ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यातूनच येतात.

वहीची आखणी आणि पहिली साफसफाई

एक आडवी वही घ्यावी. डाव्या कडेला उभ्या रांगेत धातू लिहावेत, वरच्या ओळीत साच्यांची नावे लिहावीत आणि सापडलेला प्रत्येक शब्द त्याच्या चौकटीत टाकावा. पुष्कळ चौकटी रिकाम्या राहतील, आणि त्या तशाच राहू द्याव्यात. साचा माहीत आहे म्हणून प्रत्येक धातूचा शब्द त्यात घडवून बसवणे हा छंद सुरुवातीला आवरावा, कारण अरबीतही प्रत्येक धातू प्रत्येक साच्यात चालत नाही.

शब्द अरबी आहे की फारसी, याचा निवाडा कानावर सोडू नये. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती यासाठी फार सोयीची आहे, कारण तिच्यात परक्या शब्दांपुढे त्यांचे मूळ अरबी की फारसी हे अक्षराने दाखवलेले असते. हा निवाडा का लागतो, ते एका शब्दावरून कळेल. ‘मजूर’ हा शब्द मंजूर, मजबूर यांच्या पंगतीत सहज खपून जाईल, पण तो फारसी ‘मुझ्दूर’पासून आलेला आहे आणि त्यात कोणताही अरबी साचा नाही. ‘जमीन’ही फारसीच.

त्यानंतर शब्दाच्या अंगावरचे फारसी आणि मराठी जोड उतरवावेत. शेवटचे -दार, -नामा, -खाना, -गिरी, -शीर आणि आरंभीचे बे-, ना-, गैर- बाजूला काढावेत. यांपैकी ‘गैर’ हा स्वतः अरबी शब्द आहे, पण आपल्या कामापुरता तो जोडच समजावा. तहसीलदारातून तहसील उरते, इनामदारातून इनाम, नामंजुरातून मंजूर, गैरहजरातून हजर आणि बेकायदेशीरमधून कायदा. उलटा प्रकारही घडलेला आहे. ‘बागायत’ या शब्दात बाग फारसी आहे आणि तिला जोडलेले अनेकवचनी शेपूट अरबी. तिच्या शेजारी बसणारी ‘जिरायत’ मात्र पूर्ण अरबी आहे: मूळ शब्द ‘झिराअत’ आणि धातू झ-र-ऐन, म्हणजे पेरणे, शेती करणे.

पेठेतला साचा: फअ्आल

पहिला साचा म्हणून मी नेहमी ‘फअ्आल’ सुचवतो, कारण त्याचा अर्थ ठाम आहे आणि त्याची उदाहरणे सांगलीच्या पेठेत चालतीबोलती आहेत. मधले व्यंजन दुहेरी आणि त्यानंतर दीर्घ आ, एवढीच त्याची खूण. एखादी गोष्ट सतत करणारा, तीच ज्याचा धंदा आहे असा माणूस, हा त्याचा अर्थ.

मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल मुळात ‘हम्माल’ आहे आणि ह-म-ल म्हणजे ओझे वाहणे. सौदा जुळवणारा दलाल हा ‘दल्लाल’ असून द-ल-ल म्हणजे वाट दाखवणे. सराफ कट्ट्यावरचा सराफ हा ‘सर्राफ’. त्याच्या स-र-फ धातूचा अर्थ फिरवणे, बदलणे असा असून नाणी बदलून देणारा तो सराफ. गंमत म्हणजे शब्दांची रूपे कशी बदलतात याच्या शास्त्रालाही अरबीत याच धातूवरून ‘सर्फ’ म्हणतात, तेव्हा आपण जो विषय शिकत आहोत तो सराफाच्याच धातूतला आहे. अत्तार, कसाब, हजाम, बकाल (म्हणजे वाणी) आणि जल्लाद हे सगळे याच साच्याचे. जल्लादाचा धातू ज-ल-द म्हणजे कातडी, आणि पुस्तकाची जिल्दही त्यातलीच.

या उदाहरणांत एक गोष्ट दिसली असेल. मराठीने अत्तार आणि जल्लाद यांतले दुहेरी व्यंजन ठेवले, पण हमाल, दलाल, सराफ, कसाब आणि हजाम यांत ते एकेरी केले. म्हणून ‘धंदेवाईक माणूस, तीन व्यंजने आणि दुसऱ्या व्यंजनावर दीर्घ आ’ एवढे जुळले, की दुहेरीपणा आपल्या मनाने भरून घ्यावा आणि मग कोशात ताडून पाहावा.

करणारा आणि केलेले

‘फाइल’ हा साचा क्रिया करणाऱ्याचा. हाकिम, कोर्टातला नाझर, वारस, मालक, जामीन, नायब आणि शाहीर हे सगळे त्याच्यात बसतात. पहिल्या व्यंजनावरचा दीर्घ आ ही त्याची भरवशाची खूण. दुसऱ्या व्यंजनावरचा ऱ्हस्व इ मराठीत फार डळमळतो: मालिकचा मालक झाला, साहिबचा साहेब आणि झामिनचा जामीन. ‘हाझिर’चा ‘हजर’ होताना तर पहिला आही गेला. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांना आपण ज्या शब्दाने गौरवतो तो ‘शाहीर’ मुळात ‘शाइर’ आहे. त्याच्या मधोमध ऐन होता आणि त्या जागी मराठीने ह आणून बसवला. ‘जिल्हा’ शब्दातला हदेखील असाच. मूळ शब्द ‘झिलअ’, अर्थ बाजू किंवा बरगडी, आणि शेवटी ऐन.

‘मफ्ऊल’ हा ज्यावर क्रिया झाली त्याचा साचा. आरंभी म आणि शेवटच्या व्यंजनाआधी दीर्घ ऊ, यामुळे तो सर्वांत लवकर ओळखू येतो. अर्जातला ‘मजकूर’ म्हणजे ज्याचा जिक्र झाला ते. ‘मंजूर’ म्हणजे ज्यावर नजर घातली गेली ते, आणि म्हणून मान्य. ‘मजबूत’ म्हणजे घट्ट धरलेले. आता ‘जप्त’ शब्द घ्यावा: मूळ ‘झब्त’, तेच झ-ब-त, घट्ट धरणे. जप्ती आणि मजबुती एकाच धातूची आहेत, हे मराठीत सहसा जाणवत नाही, कारण एकीकडे ब चा प झाला आहे. जामीन आणि मजमून ही जोडीही अशीच आहे. झ-म-न म्हणजे आत घेणे, हमी घेणे. हमी घेणारा तो जामीन आणि आत घेतलेला आशय तो मजमून.

अर्थाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. मराठीत किंवा फारसीत स्थिरावलेला अर्थ आजच्या अरबीत असेलच असे नाही. ‘महसूल’ आज अरबीत मुख्यतः शेतातल्या पिकाला म्हणतात. ‘मझबूत’ म्हणजे नेमके, अचूक, आणि इजिप्तमध्ये ‘मझबूत’ कॉफी मागितली तर बेताच्या साखरेची कॉफी पुढ्यात येते. धातू आणि साचा शब्दाची घडण सांगतात. आजचा वापर कोशातूनच पाहावा लागतो.

जागेचा साचा

‘मफ्अल’ किंवा ‘मफ्इल’ हा क्रिया जिथे घडते त्या जागेचा साचा. मशीद ही सजदा करण्याची जागा, मजलिस बसण्याची, मंजिल उतरण्याची आणि मैफल जमण्याची. गावाच्या नावाआधी कागदोपत्री येणारे ‘मौजे’ हे मूळचे ‘मौझिअ’ असून त्याचा धातू व-झ-ऐन, ठेवणे, असा आहे. काही गावांच्या नावामागे ‘मजरे’ लागते, ते शेतीची जागा या अर्थाच्या ‘मझरआ’पासून आलेले आहे. जिरायतीचा झ-र-ऐन तो हाच. पत्त्याच्या आरंभी ‘मु. पो.’ लिहितो त्यातला ‘मुक्काम’देखील जागेचाच शब्द आहे. क-व-म, उभे राहणे, हा त्याचा धातू.

तालमीतले साचे

‘तफ्ईल’ हे करवणे, घडवणे या अर्थाच्या क्रियापदाचे नाम. आरंभी त आणि शेवटच्या व्यंजनाआधी दीर्घ ई. ऐन-ल-म म्हणजे जाणणे, तेव्हा ‘तअ्लीम’ म्हणजे जाणवून देणे, शिक्षण. अरब देशांत या शब्दाने शाळा-कॉलेजे डोळ्यांसमोर येतात, तर कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मान्यांच्या मुलखात तालीम म्हटले, की लाल माती आणि जोर-बैठका. तपशील (मूळ ‘तफ्सील’), तसबीर, तजवीज आणि ताकीद हे शब्दही या साच्यातले. तपशिलाचा धातू फ-स-ल, वेगळे करणे. फैसला आणि फसली सन हे त्याचेच भाऊबंद.

‘मुफाअला’ या साच्यात दोन बाजू लागतात. मुकाबला, मुलाखत, मुशायरा आणि मामला यांत आरंभी मु (कधी मराठीत मा), पहिल्या मूळ व्यंजनावर दीर्घ आ आणि देवाणघेवाणीचा अर्थ असतो. ‘इफ्आल’मध्ये इनाम, इकरार आणि इन्साफ येतात. इन्साफाचा न-स-फ म्हणजे अर्धा भाग, आणि दोन्ही पक्षांना सारखे देणे तो इन्साफ. ‘इफ्तिआल’मध्ये पहिल्या मूळ व्यंजनानंतर त शिरतो: नजरेच्या न-झ-र पासून इंतजार, निजामाच्या न-झ-म पासून इंतजाम. ‘इस्तिफ्आल’मध्ये आरंभी इस्त येते आणि अर्थ मागणे किंवा उपयोगात आणणे असा होतो. ‘इस्तेमाल’ हे त्याचे घरचे उदाहरण.

एकाच धातूवरून हे सारे साचे कसे चालतात, ते ऐन-म-ल, काम करणे, या धातूवर ताडून पाहावे. मूळ नाम ‘अमल’, मराठीत अंमल. करणारा तो आमील. नेहमी केले जाणारे ते मामूल, आणि त्यावरून मामुली. दोघांतला व्यवहार तो मामला, आणि त्याला -दार लागून मामलेदार. हुकूम अमलात आणणे ती तामील. कामाला लावणे तो इस्तेमाल. वहीत ही ओळ एकदा भरली, की पाठांतराची गरज बरीच कमी होते. दुसरी चांगली ओळ स-ल-ह, म्हणजे ठीक असणे, या धातूची. ‘सलाह’चा सल्ला झाला, ‘मस्लहत’ची मसलत झाली आणि ‘मसालिह’ या अनेकवचनाचा मसाला झाला. ‘सल्लामसलत’ हा आपला जोडशब्द एकाच धातूची दोन रूपे शेजारी ठेवून बनलेला आहे.

अनेकवचनाचा विषय निघालाच आहे, तर एवढे सांगतो, की अरबी नामाचे अनेकवचन पुष्कळदा शेवटी काही न लावता आतले स्वर बदलून होते. खबरचे अखबार आणि अमीरचे उमरा, म्हणजे आपले उमराव. ‘नायब’चे अनेकवचन ‘नुव्वाब’, आणि त्यातूनच एका माणसाला लावले जाणारे ‘नवाब’ आले. तेव्हा नायब तहसीलदार आणि नवाब यांचा धातू न-व-ब हा एकच आहे. नौबतही त्यातलीच. अरबी भाषा परक्या शब्दांनाही याच शिस्तीत ओढते: ‘बँक’चे अनेकवचन ‘बुनूक’ आणि ‘फिल्म’चे ‘अफ्लाम’.

धातू वेगळा काढताना

अनोळखी शब्द समोर आला, की जोड उतरवून उरलेल्यातून साच्याची जादा अक्षरे वगळावीत. साच्यात जादा म्हणून येऊ शकणारी व्यंजने दहाच आहेत, आणि अरबी विद्यार्थी ती ‘सअल्तुमूनीहा’ या एका शब्दात लक्षात ठेवतात. त्यात स, हम्झा (घसा क्षणभर अडवून सोडताना होणारे व्यंजन), ल, त, म, व, न, य, ह आणि आकाराचा अलिफ येतात. जे व्यंजन या दहांत नाही, ते नक्की धातूचे. ‘मुकाबला’मध्ये क आणि ब धातूचे ठरतात, म साच्याचा निघतो, ल राहतो, आणि क-ब-ल मिळतो. कबूल आणि काबील पाहिले की खात्री पटते.

उलट बाजू मात्र खरी नाही. या दहांतले व्यंजन आले म्हणजे ते जादाच असते, असे नव्हे. मालक, मिळकत आणि मुलूख यांतला म धातूचा आहे, कारण धातूच म-ल-क आहे. मदत आणि मुदत यांतही म धातूचाच. म-द-द म्हणजे लांबवणे, ताणणे, पुढे हात देणे. ‘तब्येत’ पाहून तफ्ईलकडे धावू नये. तिचा धातू त-ब-ऐन असून त त्याचाच आहे. ‘तर्जुमा’ तर चार व्यंजनांच्या धातूचा, त-र-ज-म, शब्द आहे. अशा ठिकाणी एकच कसोटी उपयोगी पडते: त्याच व्यंजनांचा दुसरा शब्द, वेगळ्या साच्यातला, आपल्याला माहीत आहे का? असेल तर त्याच्याशी ताडावे. नसेल तर धातूपुढे प्रश्नचिन्ह घालून पुढे जावे.

ऐन शोधण्यासाठी एक उपाय सांगतो. शब्दाच्या आरंभीच्या मा- किंवा ता- मधल्या आकाराकडे संशयाने पाहावे. तालीम, तामील, मामला, मामूल आणि मालूम या प्रत्येकात त्या आकाराखाली ऐन लपलेला आहे. तालुक्यातही तोच आहे. मूळ शब्द ‘तअल्लुका’ आणि धातू ऐन-ल-क, लटकणे, संबंध असणे. मुंबई इलाख्यातला इलाखा हा त्याचाच सोबती. शब्दाच्या शेवटच्या आकाराखालीही ऐन बरेचदा सापडतो: जमा, नफा, किल्ला.

व आणि य ही दुबळी व्यंजने आहेत. साच्याच्या स्वरात ती विरघळतात किंवा रूप बदलतात. वारस नोंदीतल्या ‘वारस’चा धातू व-र-स हे उघड दिसते, पण मिरासदारातल्या ‘मिरास’मध्ये व कुठे गेला? साचा ‘मिफ्आल’ आहे. ‘मिव्रास’ असे रूप व्हायला हवे होते, पण मि नंतरचा व इकारात मिसळून ई झाला. तराजूला अरबीत ‘मीझान’ म्हणतात, तेही व-झ-न पासून याच रीतीने झाले. आपले वजन त्याच धातूचे आहे. क-व-म मध्ये तर व प्रत्येक वेळी वेगळे सोंग घेतो: ‘कायम’मध्ये तो य सारखा दिसतो, ‘मुक्काम’मध्ये आकारात जातो आणि ‘किंमत’मध्ये (मूळ ‘कीमत’) ईकारात. म्हणून तीनऐवजी दोनच व्यंजने हाती लागली आणि एखादा दीर्घ स्वर जागा अडवून बसलेला दिसला, तर तेथे व किंवा य मानून पाहावे.

स्वरांवर एकूणच फार विसंबू नये. जोडाक्षराने संपणारा शब्द मराठीला जड जातो, म्हणून ती मध्ये स्वर घालते आणि कधी व्यंजन दुहेरी करते. हुक्मचा हुकूम, झुल्मचा जुलूम, मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात भरणाऱ्या उर्सचा उरूस. अक्लची अक्कल, नक्लची नक्कल, शक्लची शक्कल. यांतल्या दुहेरी क वरून फअ्आल साचा समजू नये. कधी व्यंजनांची जागाही बदलते: अमानतची अनामत झाली, पण धातू हम्झा-म-न हाच राहिला, आणि इमान व अमीन त्याची साक्ष देतात.

देवनागरी जिथे अपुरी पडते

लिपी शिकावीच लागते असे सुरुवातीला म्हटले, त्याचे कारण आता सांगतो. मराठीतल्या एका ज मागे अरबीची पाच वेगवेगळी व्यंजने दडलेली असतात. जमा आणि जवाब यांत जीम आहे. वजनात झे आहे. मजकुरात झाल आहे. जप्त, मजबूत, जामीन आणि हजर यांत झ्वाद आहे. नजर, मंजूर, जाहीर आणि जुलूम यांत झोय आहे. ही नावे उर्दू शिकवणाऱ्यांच्या तोंडची आहेत. अरबांचा उच्चार थोडा वेगळा असतो. अरबीच्या २८ व्यंजनांपैकी अशी अनेक आपल्याकडे येताना एकमेकांत मिसळली. सलाममधला स, सराफातला स आणि वारसातला स ही तीन वेगळी अक्षरे आहेत. क दोन आहेत, त दोन आहेत, ह दोन आहेत.

याचा परिणाम साधा नाही. ‘करार’ आणि ‘तक्रार’ हे शब्द शेजारी ठेवले तर दोन्हींचा धातू क-र-र दिसतो, आणि तक्रार ही कराराच्या पोटातून निघाल्याची सुरस कथाही रचता येते. प्रत्यक्षात करारातला क घशाच्या मागच्या बाजूचा आहे आणि धातूचा अर्थ स्थिर होणे असा आहे; इकरार हा त्याचा नातेवाईक. तक्रारीतला क आपल्यासारखाच साधा असून त्या धातूचा अर्थ पुन्हा पुन्हा करणे असा आहे. देवनागरीत लिहिलेल्या धातूवर विसंबून नाती जोडली, तर असे घोटाळे होतात. म्हणून वहीच्या डाव्या रांगेत प्रत्येक धातू अरबी अक्षरांत लिहिण्याची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्यावी. अक्षर न सापडलेला धातू पेन्सिलीने लिहावा.

अक्षरे बरोबर असूनही कधी अर्थ जुळत नाहीत. शाहिराच्या श-ऐन-र धातूत जाणणे, कविता, केस आणि जव हे सगळे अर्थ नांदतात. त्यांना एका सूत्रात ओवण्याचा अट्टाहास करू नये. काही धातूंत मुळातच एकाहून अधिक कुळे एकत्र राहतात.

कोश उघडताना

अरबी-इंग्रजी कोशांपैकी हान्स वेअर यांचा कोश विद्यार्थ्यांच्या हाती सर्वाधिक दिसतो. त्याची इंग्रजी आवृत्ती १९६१ साली निघाली. त्यात शब्द धातूप्रमाणे लावलेले आहेत. ‘मक्तब’ शोधताना म च्या पानांकडे जाऊन उपयोग नाही. क च्या पानांत क-त-ब गाठावे लागते. धातूखाली आधी क्रियापदे येतात: ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिले, ‘कातब’ म्हणजे त्याने पत्रव्यवहार केला, ‘इस्तक्तब’ म्हणजे त्याने लिहायला सांगितले. क्रियापदाच्या रूपांना रोमन आकडे दिलेले असतात आणि त्यांपैकी पहिली दहा नित्याच्या वापराची आहेत. तफ्ईल हे दुसऱ्या रूपाचे नाम, मुफाअला तिसऱ्याचे, इफ्आल चौथ्याचे, इफ्तिआल आठव्याचे आणि इस्तिफ्आल दहाव्याचे. वहीतल्या रकान्यांवर हे आकडे लिहून ठेवले, की कोशातली नोंद वाचायला वेळ लागत नाही. क्रियापदांनंतर नामे येतात आणि म ने सुरू होणारी नामे शेवटी असतात.

जुन्या अरबी कोशांची रचना वेगळी आहे. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमद यांनी आखलेला कोश घशातल्या ऐनपासून सुरू होऊन ओठांकडे येतो, आणि कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत जाणारी वर्णमाला पाठ असलेल्या आपल्या वाचकाला हा क्रम फारसा परका वाटत नाही. पुढच्या काळातले काही मोठे कोश धातूच्या शेवटच्या व्यंजनाप्रमाणे लावलेले आहेत. त्यांत क-त-ब हा ब च्या भागात सापडतो. त्यामुळे नवा कोश हाती घेतला, की पहिल्यांदा क-त-ब कोणत्या भागात आहे ते पाहावे, म्हणजे त्याची मांडणी कळते.

सरावासाठी पहिल्या आठवड्यात घरातला जुना सातबारा किंवा खरेदीखत घ्यावे आणि त्यातले कब्जा, हक्क, मौजे, तालुका, मजकूर, वारस, रक्कम आणि मुदत एवढेच शब्द वहीत टाकावेत. प्रत्येकाच्या धातूची तिन्ही अक्षरे कोशात पाहावीत, आणि त्याच धातूखाली दिलेल्या इतर शब्दांपैकी मराठीत कोणते आलेले आहेत, ते त्याच ओळीत लिहावेत. ‘हक्क’ शब्दाखाली हकीकत सापडेल. ‘कब्जा’चा शेवटचा ज कोणत्या अक्षराचा आहे, ते मात्र कोश उघडण्यापूर्वी स्वतः ठरवून पाहावे.